चिमणी ठेवली, कामगार पुसला

सातारा-सांगलीकडच्या शाळांची मुंबई सहल म्हणजे गेटवे, राणीची बाग, तारांगण. यंदा आमच्या सहलीच्या यादीत लोअर परळचा फिनिक्स मॉलही आला. मॉलच्या आवारात जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे. मुलांनी तिच्यासमोर फोटो काढले, सरकत्या जिन्यावर फेऱ्या मारल्या. ही चिमणी कसली, हे मी सांगू लागलो तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, पोरं मजा करायला आलीत. इतिहास कशाला?"

इतिहास कशाला, याचं उत्तर इथे देतो.

फिनिक्स मिल 1905 सालची. अशा गिरण्यांच्या भोंग्यावर परळ-लालबाग जागं व्हायचं, आणि पाळीला जाणारे लोक आपल्याच भागातले असायचे. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकण. एका खोलीत पाळ्या लावून झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि महिन्याला गावी मनिऑर्डर धाडायची. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप इतका लांबला, कारण पुष्कळ कामगार गावी परतले आणि गावच्या ज्वारी-बाजरीने त्यांना जगवलं. म्हणजे त्या संपाची किंमत आपल्या घरांनीही मोजली आहे.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि सुमारे 600 एकर जमीन विकाऊ झाली. 1991 च्या विकास नियमावलीत तिचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. जिथे इमारती उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली. मॉल, पब, बोलिंगचे अड्डे आकाशातून पडले नाहीत. ते या एका दुरुस्तीने सोपे झाले.

"पण मॉलनेही रोजगार दिलाच ना?" असं विचारतात. दिला. पण गिरणीत युनियन होती, भविष्यनिर्वाह निधी होता. आज दारावर उभ्या असलेल्या कंत्राटी सुरक्षारक्षकाकडे यातलं काय आहे, ते त्यालाच विचारावं.

आता आपल्या लोकांशी बोलतो. गिरणगावाची आठवण निघाली की 'मराठी माणूस' आठवतो, आणि त्या चित्रात दाढी-टोपी नसते. मदनपुऱ्याच्या मोमीन विणकरांच्या पिढ्या साचेखात्यात राबल्या. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून त्याच खात्यात दलितांना घेत नसत. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. इतिहास सगळा गोड नाही. तरी याच गिरणगावात वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि बार्शीचे अमर शेख, म्हणजे मेहबूब हुसेन पटेल, एका लाल बावटा कलापथकात उभे राहून मराठीत गात होते. आपण मराठी आहोत हे सिद्ध करायला दुसरा कुठला दाखला हवा? पण आपल्या जलशांत, शाळांत अमर शेखांचं नाव किती वेळा निघतं?

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी चुकती करावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. इथे तर चाळीस वर्षं उलटली. घरांसाठी दीड लाखाहून जास्त गिरणी कामगार आणि वारसांचे अर्ज आले, आणि बहुतेकांच्या हातात अजून चावी नाही. आता त्यांना शेलू-वांगणीला घरं दाखवतात. ज्यांनी परळ उभं केलं त्यांनी कर्जतच्या लोकलमध्ये उभं राहायचं!

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना आहे. त्यात तळं आणि संगीत कारंजंही आहे. कारंजं जरूर करा. पण आधी भिंतीवर कामगारांची नावं लावा, गावांसकट: वाटेगाव, पाटण, जावळी, शिराळा, मदनपुरा. शेख, मोमीन, कांबळे, जाधव, सगळी. आणि आपण शिक्षकांनी सहल काढण्याआधी वर्गात एक साधा प्रश्न विचारावा: तुमच्या घरातलं कोण गिरणीत होतं? बरेच हात वर होतील. तो तास कुठल्याही मॉलपेक्षा मोठा असेल.