जरा सरकून घ्या!

मंडळी, वेबसाइट फुकटात करून देणारं एक माणूस प्रत्येक खानदानात असतं. आमच्यात ती मी. वाटूरच्या मावसभावाला मोसंबी बाहेर पाठवायची होती, म्हणून त्याला एकपानी इंग्रजी साइट बनवून दिली. मध्ये मध्ये 'जालना', 'शेतकरी' असे शब्द देवनागरीत. स्टाइल, यू नो! लिंक फॅमिली ग्रुपवर टाकली, सगळ्यांचे अंगठे आले. मावशीचा मात्र फोन आला. ती रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका. "अगं, हा ल कुणाचा? मी पोरांकडून असा नाही गिरवून घेतला कधी."

बघते तर काय, दांडीवाला हिंदी ल आणि गाठीचा श! आपला पाकळीचा ल, देठाचा श गायब. फॉन्टचा दोष म्हणावा, तर नोटो सान्स देवनागरीत दोन्ही वळणं असतात. पण अख्ख्या पानावर मीच 'भाषा इंग्रजी' अशी पाटी लावलेली. मग फॉन्ट बिचारा त्याचा नेहमीचा हिंदी ल काढून देतो.

म्हटलं, तेवढ्या शब्दांना मराठीची पाटी लावू. आधी डिव्ह टॅग वापरला. डिव्ह म्हणजे एसटीत अख्ख्या बाकावर पसरलेले काका. 'जालना' एकटाच नव्या ओळीवर जाऊन बसला आणि वाक्याचे तुकडे झाले. मग स्पॅन. हा "जरा सरकून घ्या" म्हणत दोघांच्या मधे मावतो, ओळ मोडत नाही. स्वतः काहीच करत नाही. शब्द ठळक नाही, तिरपा नाही, त्याला वेगळा अर्थही नाही. फक्त पाटी धरतो, 'लँग बरोबर एमआर'. ब्राउझर ती वाचतो, फॉन्टला कळवतो आणि ल आपला होतो. दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही याच पाटीवरून मराठी आवाज निवडू शकतं.

गंमत म्हणजे स्पॅन आला तोच भाषांसाठी. जानेवारी 1997 च्या आरएफसी 2070 मध्ये, वेबवर अनेक भाषा नांदाव्यात म्हणून, स्पॅन आणि भाषेची पाटी एकत्र सुचवले गेले. आपण मात्र तो शब्द लाल करायला वापरत बसलो!

हुरूप येऊन मी हेडिंगमध्येही स्पॅन कोंबला होता, तो काढला. तिथे हेडिंगचा टॅग आहेच, पाटी त्यालाच लावली.

नवी लिंक पाठवली. मावशीचा मेसेज आला: "ल जमला. फोन नंबरात एक आकडा कमी आहे."