मेंदूतील गोळी आणि आरोग्य खाते

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे व उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. कॉम्रेड २० तारखेला गेले; डोक्याला जखम होऊनही उमाताई वाचल्या. ३० ऑगस्टला धारवाडमध्ये प्रा. कलबुर्गी यांच्या कपाळात गोळी घालण्यात आली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरला गौरी लंकेश यांच्या हत्येत तेच देशी पिस्तूल वापरल्याचे न्यायवैद्यक तपासणीत आढळले. एकाच विहिरीच्या पाण्याने दोन वस्त्यांत बळी गेले, तर आरोग्य खाते ती विहीर शोधते. पिस्तुलाचा प्रश्न मात्र ते पोलिसांवर सोपवून मोकळे होते.

गोळी मेंदूतून जाताना मार्गाभोवतीचे पेशीजालही फाडते. रक्तस्राव व सूज यांमुळे बंद कवटीतला दाब वाढतो. शल्यविशारदाच्या हाती फार थोडा वेळ उरतो. यशवंतपूरच्या कामगाराला निम्हान्स निदान त्याच शहरात आहे. आडगावच्या शेतमजुराला आधी रुग्णवाहिका मिळायला हवी! वाचलेल्याचा अर्धांगवायू, फेफरे, हरपलेली वाचा यांचा भार पुढे वर्षानुवर्षे घरच्या बायकांवर पडतो.

२०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीस जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. जिल्हा रुग्णालयात मेंदू-शल्यविशारद आणि जखमींसाठी पुनर्वसन केंद्र, या मागण्या पक्षशाखांनी आता आरोग्य खात्यापुढे मांडाव्यात.