परसदारातला उतार

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा थोरल्या मुलाच्या कापडदुकानात छातीइतके पाणी होते. घराच्या परसातही चार दिवस पाणी राहिले आणि ओसरताना वीतभर गाळ ठेवून गेले. दुकान सावरण्याच्या धांदलीत परसाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. गाळ वाळून भेगाळला, त्यावर गाजरगवत माजले. पुढे लग्नसराईसाठी मुलाने उधारीवर नवा माल भरला, आणि २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, टाळेबंदी सुरू झाली.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला कर्जाच्या हप्त्यांना व कॅश क्रेडिटच्या व्याजाला तीन महिन्यांची मुदत देण्याची मुभा बँकांना दिली. अनेक व्यापारी बंधूंना व्याज माफच झाले असे वाटले. मुदत म्हणजे माफी नव्हे. वीस लाखांची मर्यादा पूर्ण उचललेली असेल, तर साडेदहा टक्क्यांनी महिन्याला १७,५०० रुपये चढतच राहतात. (मुदत पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, म्हणजे सहा महिन्यांचे १,०५,००० आणि त्यावरचे व्याज निराळे.) हा हिशेब मी मुलाला जेवताना ऐकवला. तो पानावरून उठून गेला. हिशेब बरोबर होता, पण तो ऐकवण्याची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कुदळ घेऊन परसात उतरलो. खरे सांगायचे तर बागेच्या हौसेने नव्हे. घरात त्याच्यासमोर बसवेना म्हणून. थोड्या वेळाने तो मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "अण्णा, द्या इकडे. तुमच्या कमरेला नाही झेपायचं."

सौभाग्यवतींनी अट घातली की, खणायचे ते मृगाच्या आत. एकदा पाऊस पडून जमिनीत जीव वळवळू लागले की फावड्याला हात लावायचा नाही. हाताशी जेमतेम दोन महिने होते. रोज उन्हे चढेपर्यंत काम चाले. गवत उपटले, गाळ भिंतीकडेला ओढून शेणखतात मिसळला. मागील दारापासून कुंपणापर्यंत तीस फुटांची वाट आखली. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर थेट फरशी बसवली तर वर्षभरात हलू लागते. खाली मुरूम हवा, पण तो आणायचा कोठून? पडक्या न्हाणीच्या विटा फोडून त्यांचाच थर दिला. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली व तीस फुटांत सहा इंच उतार ठेवला. वर जुन्या न्हाणीच्याच शहाबादी फरश्या बसवल्या.

फरशी बसवताना दोघांनाही खाली पाहावे लागते. अशाच एका सकाळी, फरशीचा कोपरा ठोकता ठोकता तो म्हणाला, "आणखी सहा लाख आहेत, अण्णा. हातउसने. कागद नाही." महापुरानंतर एका स्नेह्यांकडून घेतलेले, घरात कोणालाच न सांगितलेले.

बँकेत असतो तर मी दहा प्रश्न विचारले असते. त्या वेळी एवढेच विचारले, "व्याज काय?" तो म्हणाला, "दीड टक्का महिना." म्हणजे बँकेहून कितीतरी महाग. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घे, हा सल्ला माझाच होता. मर्यादा भरल्यावर तो कोठे जाईल, हे मी विचारलेच नव्हते.

त्याच आठवड्यात माझ्या दोन मुदत ठेवी मोडून स्नेह्यांची निम्मी रक्कम परत केली. व्याजात थोडी खोट बसली, ती बसू दिली. उरलेली रक्कम फिटायला तीन वर्षे लागली. दुकानाचा पुढचा अर्धा भाग आता भाड्याने दिला आहे.

जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत आम्ही दोघे मागील दारात उभे होतो. पाणी वाटेवरून सरळ कुंपणाकडे गेले. मधोमध एका फरशीखाली मात्र विटांचा थर कमी पडला होता. ती अजूनही डगमगते, आणि सौभाग्यवती कढीपत्ता आणायला जाताना तेवढी एक फरशी ओलांडून जातात.