कळ दाबल्यानंतर

२०१२च्या डिसेंबरात दिल्लीतील धावत्या बसमध्ये जे घडले, त्यानंतर प्रवासी वाहनांवर कोणाची तरी नजर असावी, ही मागणी जोर धरू लागली. २०१६ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२५-एच हा नियम आला. त्यानुसार १ जानेवारी २०१९पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत ठिकाण कळवणारे यंत्र आणि संकटसमयी दाबायची कळ सक्तीची झाली. या हेतूविषयी आमच्या मनात किंतु नाही. सावलीतून आपापल्या गावी परतणाऱ्या विद्यार्थिनी आम्ही रोज पाहतो.

पण त्या परततात कशाने? एसटी चुकली की ऑटो, नाहीतर कुणा नातलगाची मोटारसायकल. नियमाने दुचाकी आणि तीनचाकी, दोन्ही वगळल्या आहेत!

उरल्या काळी-पिवळ्या आणि बसगाड्या. वाहनातील यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने ठिकाण ओळखते. ते पुढे कळवण्यास मात्र मोबाइलचे नेटवर्क लागते. सावली-व्याहाडवरून वैनगंगा ओलांडावी, गडचिरोली मागे टाकून आत जंगलात शिरावे, की हे नेटवर्क जागोजागी तुटते. एआयएस-१४० या मानकाने यावर उपाय योजला आहे : नेटवर्क नसेल तेव्हा यंत्राने नोंदी साठवाव्यात आणि ते मिळताच पाठवाव्यात. वाहन कोठे कोठे फिरले हे नंतर तपासणाऱ्यास एवढे पुरते. हाकेचे तसे नाही. तासाभराने पोचलेली हाक पंचनाम्याला उपयोगी पडेल, हाक मारणारीला नव्हे. म्हणजे एकच यंत्र जंगलात पाळतीचे काम चोख करते आणि मदतीचे काम अर्धवट सोडते. तरीही ते बसले की सुरक्षितता आली, असे आपण खुशाल समजतो.

१ जुलै २०१९पासून तयार होणाऱ्या मोटारींतील वेगाच्या गजराचीही हीच कथा. तो ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून आणि १२०च्या पुढे अखंड वाजतो. आमच्याकडे काळोखात विनादिव्याची बैलगाडी किंवा आडवे आलेले चितळ यांच्यापुढे पन्नासचा वेगही फार होतो. तेव्हा गजर गप्प असतो. असो.

यंत्रे काढून टाकावीत, असे आम्ही म्हणत नाही. ती बसवण्याची जबाबदारी नियमाने वाहननिर्माता, विक्रेता किंवा वाहन चालवणारा व्यावसायिक यांच्यावर टाकली आहे. कळ दाबल्यावर हाक ज्या मनोऱ्यावरून जायची, तो कोणी उभारायचा आणि संध्याकाळची आणखी एक एसटी कोणी सोडायची, याविषयी नियमात अक्षर नाही.