सूचना पेटीतल्या चिठ्ठीला उत्तर द्या

12 जानेवारी 2024 या एकाच दिवशी उरणकरांना मुंबईकडे जाणाऱ्या दोन वाटा मिळाल्या. खारकोपरला येऊन थांबलेली लोकल उरणपर्यंत धावू लागली आणि न्हावा शेवा-शिवडी जोडणाऱ्या 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्‌घाटन झाले. मोरा बंदरातून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचे, पावसाळ्यात समुद्राचा नूर बघून प्रवास ठरवायचा, अशी सवय असलेल्या तालुक्यासाठी हा बदल फार मोठा होता. पण उरणच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना मुंबई विद्यापीठाचे कालिन्यातले ग्रंथालय गाठायचे असेल, तर आजही आधी नेरूळ, तिथे गाडी बदलून कुर्ला आणि पुढे बस किंवा रिक्षा, असा हिशेब करावा लागतो. सेतू आहे, पण तो टोल भरून गाडीने जाणाऱ्यांच्या जास्त उपयोगाचा. एका संदर्भग्रंथासाठी अख्खा दिवस मोडणे सगळ्यांना परवडत नाही.

म्हणून विद्यापीठाचे ग्रंथालय म्हणजे काय, याचे उरणमधले उत्तर वेगळे आहे. शहरातले कोकण ज्ञानपीठाचे उरण महाविद्यालय आणि फुंडे येथील रयत शिक्षण संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय, ही दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. करंजा, मोरा, केगाव, नागाव, चाणजे इथली मुले, पूर्व विभागातल्या चिरनेर, कोप्रोली, पिरकोन, आवरे या गावांतली मुले, अशा सगळ्यांसाठी महाविद्यालयाची लायब्ररी हेच विद्यापीठाचे ग्रंथालय. घारापुरी बेटही याच तालुक्यात येते. तिथे समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. आज पदवीला असणारा तिथला विद्यार्थी शाळेच्या सुरुवातीच्या इयत्ता विजेशिवाय शिकला आहे. अशा मुलासाठी पंख्याखालचे शांत टेबल ही चैन नाही. त्याच्या शिक्षणाचाच तो भाग आहे.

उरणमध्ये शिकणाऱ्यांपैकी बरेच जण कामही करतात. सकाळची तासिका उरकून कुणी बंदराच्या परिसरातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये (सीएफएस), कुणी गोदामात, कुणी क्लिअरिंगच्या कार्यालयात हजर होतो. संध्याकाळी सुटल्यावर घरी जायचे तर ट्रेलरच्या रांगा चुकवत, मिळेल त्या वाहनाने. या मुलांना लायब्ररीबद्दल काय हवे असे विचारले, तर पहिले उत्तर पुस्तकांविषयी नसतेच. ते वेळेविषयी असते. राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांची ग्रंथालये कार्यालयाच्या वेळेत चालतात आणि कार्यालयाबरोबरच बंद होतात. नेमक्या त्याच वेळेत नोकरी करणारा विद्यार्थी तीन वर्षांत ग्रंथालयाची पायरी किती वेळा चढणार?

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, इंग्लंडला जाऊन तिथली ग्रंथालये पाहून आले आणि परतल्यावर त्यांनी पहिल्या काही सुधारणांतच ग्रंथालयाच्या वेळा वाढवल्या, वाचकांना कपाटांपर्यंत जाऊ दिले. 1931 मध्ये त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीच आहे. 12 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन ग्रंथपाल दिन म्हणून महाविद्यालयांत साजरा होतो, प्रतिमेला हार घातला जातो. त्याच दिवशी वाचनकक्षाची वेळ दोन तासांनी वाढवल्याची सूचना फलकावर लागली, तर तो दिवस खऱ्या अर्थाने रंगनाथन यांचा होईल.

वेळेच्या खालोखाल मागणी असते ती कपाटापर्यंत पोहोचण्याची. अनेक ठिकाणी अजून जुनी पद्धत चालते. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, पुस्तकाचे नाव आणि लेखक लिहायचा, शिपाई आत जाऊन शोधणार आणि पाच मिनिटांनी ‘नाही आहे’ असे सांगणार. पुस्तक खरेच नाही, कुणी नेले आहे की दुसऱ्याच कप्प्यात पडले आहे, हे विद्यार्थ्याला कळायला मार्ग नसतो. त्याहून मोठे नुकसान म्हणजे शेजारचे पुस्तक त्याच्या नजरेस पडतच नाही. आगरी-कोळी समाजावर काही वाचायला आलेल्या मुलीला 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहावरचे पुस्तक बाजूच्या फळीवर दिसावे आणि तिने ते उचलावे, ही गोष्ट काउंटरवरच्या चिठ्ठीतून घडत नाही. ज्याचे नाव माहीत आहे तेच मागता येते, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला फारशी नावे माहीत नसतात.

पुस्तके हरवतील, फाटतील ही भीती खोटी नाही. मोकळ्या कपाटांतून काही पुस्तके जातात, हे मान्य करायला हवे. पण वर्षानुवर्षे कुणीच न उघडलेले पुस्तकही गेल्यातच जमा आहे. जुन्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. एखाद्या अर्थशास्त्राच्या पुस्तकावर शिक्क्यांची रांग लागलेली असते, एकावर एक, शाई पुसट होईपर्यंत. त्याच फळीवरच्या दुसऱ्या पुस्तकाची चिठ्ठी कोरी. खरेदीच्या वेळी पहिल्याच्या आणखी तीन प्रती घ्याव्यात, हे ती चिठ्ठी उघड सांगत असते. ग्रंथालय संगणकीकृत असेल तर हीच माहिती एका क्लिकवर मिळते. विद्यार्थ्यांच्या सूचना म्हणजे केवळ पेटीत टाकलेले कागद नव्हेत, या नोंदीही सूचनाच आहेत. ग्रंथखरेदी समितीने त्या समोर ठेवूनच यादी करावी.

हे सगळे करायला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न लगेच येतो. काही गोष्टींना खरेच पैसा लागतो, पण बऱ्याच गोष्टींना फारच थोडा. ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली 1999 मध्ये न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि ती आजही मोफत वापरता येते. ती बसवली की कोणते पुस्तक आहे, कोणाकडे आहे, कधी परत येणार, हे विद्यार्थी मोबाईलवर घरबसल्या पाहू शकतो. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राची एन-लिस्ट योजना महाविद्यालयाला वर्षाला सहा हजार रुपयांच्या आसपास वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखांच्या घरात ई-पुस्तके देते. विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते, ते रात्री अकरा वाजताही चालते. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली, मात्र तिचा पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता आहे. शिक्षण संस्थांनी चालवलेल्या महाविद्यालयांना एन-लिस्टचाच आधार. आणि तरीही वर्गणी भरलेल्या महाविद्यालयांतही किती विद्यार्थ्यांना आपला पासवर्ड माहीत असतो? प्रवेशाच्या दिवशी ओळखपत्राबरोबर तो हातात द्यावा, पहिल्या आठवड्यात अर्धा तास बसवून वापर शिकवावा. ही सूचना अमलात आणायला एक रुपयाही लागत नाही.

संध्याकाळी ग्रंथालय उघडे ठेवायला माणूस हवा, हे खरे. ग्रंथपालांची आणि सहायकांची पदे राज्यभर रिकामी आहेत, एकेका ग्रंथपालावर नॅक मूल्यांकनाच्या फायलींपासून स्टॉक टेकिंगपर्यंत सगळा भार पडतो. त्यांना रात्री आठपर्यंत थांबा म्हणणे अन्यायाचे होईल. पण उत्तर आपल्याच परंपरेत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट गरीब मुलांसाठी खुली केली. विद्यापीठांच्या पातळीवरही ही योजना आज चालते. संध्याकाळच्या वाचनकक्षाची देखरेख या योजनेतल्या दोन विद्यार्थ्यांकडे सोपवली, पुस्तकांची देवघेव दिवसाच ठेवली आणि रात्री फक्त बसून वाचण्याची सोय केली, तर ग्रंथपालावर बोजा पडत नाही. काम करणाऱ्या विद्यार्थ्याला चार पैसे मिळतात, वाचणाऱ्याला जागा मिळते. मुलींच्या परतीच्या प्रवासाचा विचार मात्र वेळ ठरवतानाच व्हायला हवा. शेवटची सोयीची एसटी किंवा बस किती वाजता आहे, हे पाहून मग कुलूप लावण्याची वेळ ठरवावी. फक्त मुलांनाच परवडेल अशी वेळ ठेवली, तर निम्मी सुधारणा वाया गेली.

जिथे मोठा पैसा लागतो, तिथे उरणने मागायला संकोच करण्याचे कारण नाही. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो आणि त्या कामांच्या यादीत शिक्षण तर आहेच, सार्वजनिक ग्रंथालये उभारणेही स्पष्ट शब्दांत आहे. ओएनजीसीचा प्रकल्प, जेएनपीए बंदर आणि त्याभोवतीचे टर्मिनल, गोदामांचे पट्टे हे सगळे याच मातीवर उभे आहे. या जमिनींसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानच्या परिसरात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या शेतकऱ्यांच्या नातवंडांच्या पिढीला रात्री उशिरापर्यंत उघडे असलेले, वातानुकूलित नसले तरी हवेशीर, चांगल्या दिव्यांचे ग्रंथालय मिळावे, ही मागणी उपकाराची नाही.

मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा अनुभवही इथे आठवावा. फोर्टमधल्या राजाबाई टॉवरखालचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिले, 2015 मध्ये त्याचे जतनकाम पूर्ण झाले आणि युनेस्कोनेही त्याची दखल घेतली. ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच काळात कालिन्यातल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाच्या गळक्या, जीर्ण इमारतीबद्दल विद्यार्थी आणि अधिसभा सदस्य पुन्हा पुन्हा बोलत होते. पुस्तके भिजू नयेत, ही सूचना इतक्या वेळा करावी लागावी, यातच दुखणे कळते. सूचना कमी पडत नाहीत. त्यांना उत्तर द्यायची कुणाची बांधिलकी नसते.

ही बांधिलकी मागण्याची जागा मात्र कायद्यात आहे, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 च्या कलम 97 प्रमाणे प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव हे तिचे सदस्य असतात. म्हणजे संस्थाचालक, प्राचार्य, शिक्षक यांच्या बरोबरीने विद्यार्थ्यांची खुर्ची त्या टेबलाशी कायद्यानेच मांडलेली आहे. विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका राज्यात अजून सुरळीत झालेल्या नाहीत, त्यामुळे ती खुर्ची अनेकदा नावापुरती उरते. पण म्हणून ग्रंथालयाचा विषय त्या बैठकीत येऊ नये असे नाही. वर्गप्रतिनिधींनी लेखी मागणी करावी, विषयपत्रिकेत ‘ग्रंथालय: विद्यार्थ्यांच्या सूचना’ हा मुद्दा कायमचा घालावा.

यूजीसीने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या समितीला 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा लागतो. सूचनेलाही तोच नियम लावावा. पेटी दर शनिवारी उघडावी, प्रत्येक चिठ्ठीखाली तीनपैकी एक उत्तर लिहावे: केले, अमुक तारखेपर्यंत करू, किंवा होणार नाही आणि त्याचे कारण हे. तो कागद ग्रंथालयाच्या दारावर लावावा. होणार नाही हे उत्तरही विद्यार्थी समजून घेतात, गप्प बसणे समजून घेत नाहीत. एकदा उत्तर मिळाले की सूचनाही नेमक्या येऊ लागतात. ‘चांगली पुस्तके आणा’ याऐवजी ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या सत्राच्या मराठीतल्या संदर्भग्रंथाच्या दोनच प्रती आहेत, वर्गात साठ जण आहेत’ असे लिहून येते. ‘संगणक वाढवा’ याऐवजी ‘एका संगणकावर एनव्हीडीए टाका, आमच्या वर्गात दृष्टिहीन मित्र आहे’ असे येते. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही मोफतच आहे.

उरणच्या महाविद्यालयांतून शिकून गेलेले अनेक जण आज बंदरात, बँकांत, शाळांत, शासनात आहेत. त्यांनी आपल्या जुन्या लायब्ररीत एकदा जावे, वेळेचा फलक वाचावा आणि तो बदलावा असे वाटले, तर प्राचार्यांना दोन ओळींचे पत्र लिहावे. आणि आज शिकत असलेल्यांनी येत्या विकास समितीच्या बैठकीची तारीख विचारून घ्यावी, आपली मागणी लेखी द्यावी आणि त्या अर्जाची पोच सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावी.