'संपली' म्हणायची घाई

चोवीस वर्षांच्या मुलीला 'संपली' म्हणायला जीभ कशी धजते, हे मला कळत नाही. मी पोलंडच्या इगा स्वियातेकबद्दल बोलतेय. जून २०२४ पर्यंत पाच ग्रँड स्लॅम नावावर, त्यातली चार पॅरिसच्या लाल मातीवरची. २०२२ मध्ये ओळीने ३७ सामने जिंकले, सव्वाशे आठवडे जगात पहिली राहिली. मग जून २०२४ मधल्या पॅरिसनंतर वर्षभर एकही स्पर्धा हाती लागली नाही. झालं! टीव्हीवरच्या जाणकारांनी आणि क्रीडापानांनी तिची उत्तरक्रियाच सुरू केली.

मी गृहिणी, हिशेब मांडायची सवय. मांडला. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात उपांत्य फेरी, तीही मॅच पॉइंटपर्यंत जाऊन हरलेली. दोहात उपांत्य, इंडियन वेल्सला उपांत्य, माद्रिदला उपांत्य, पॅरिसला उपांत्य. याला घसरण म्हणायची? बायांनो, दहावीला ९६ टक्के आणलेल्या पोरीला बारावीत ८८ पडले की नातेवाइकांचे फोन येतात ना, 'काय हो, काय झालं तिला?' त्याच सुराची ही पत्रकारिता. पोरगी आत खोलीत ऐकत असते, याचं भान फोन करणाऱ्यालाही नसतं नि लिहिणाऱ्यालाही.

त्या वर्षात तिच्यामागे काय काय लागलं होतं, तेही बघा की. झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या गोळीतच भेसळ निघाली. तिचा फारसा दोष नाही हे चौकशीत मान्य झालं, तरी एक महिन्याची बंदी आली. त्याच सुमारास जुने प्रशिक्षक जाऊन नवे आले. एवढ्यानं कुणीही हलेल. पण छापताना बंदीचा मथळा मोठा आणि भेसळीचं कारण खाली कुठंतरी बारीक अक्षरात.

मला सगळ्यात चीड आली ती दुसऱ्याच गोष्टीची. तिच्याबरोबर दारिया अब्रामोविच या मानसशास्त्रज्ञ फिरतात. इगा जिंकत होती तोवर ही बाई म्हणजे दूरदृष्टी, आधुनिक विचार वगैरे. हरायला लागली तशी तीच बाई खटकू लागली. हिचं तिच्यावर वजन फार, हिला काढा, असे सल्ले सुरू! घरात काही बिनसलं की आधी घरातली एखादी बाई धरायची, ही रीत आपल्याला नवी नाही. पण ती पार वॉर्सापर्यंत असेल असं वाटलं नव्हतं.

मग जुलैत विम्बल्डन. ज्या गवतावर ती कधी उपांत्यपूर्व फेरीच्या पुढं गेली नव्हती, तिथं अंतिम सामना ६-०, ६-०. सत्तावन्न मिनिटं! असा स्कोर तिथल्या महिलांच्या अंतिम सामन्यात १९११ नंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'पुनरागमन'. अहो, पण गेली कुठं होती ती? 'आमचं चुकलं' असं दोन ओळींत छापलेलं निदान माझ्या वाचनात आलं नाही. आपल्या देशातल्या पत्रकारांनी आता तरी मला मोकळं सोडावं, माझं काम करू द्यावं, असं तिलाच बोलून दाखवावं लागलं. (त्याच दिवसांत तिच्या आवडीच्या स्ट्रॉबेरी घातलेल्या पास्त्यावर मात्र रकानेच्या रकाने आले. मला ते कॉम्बिनेशन जमणार नाही, पण निदान त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं.)

त्या दिवशी समोर हरली ती अमेरिकेची अमांडा अनिसिमोव्हा. मन थकलं म्हणून २०२३ मध्ये खेळ थांबवून बसलेली आणि पुढच्या वर्षी परत उभी राहिलेली मुलगी. ६-०, ६-० नंतर हिच्यातून आता ही कधी सावरणार, यावर लगेच चर्चा झडल्या. दोन महिने पुरे व्हायच्या आत न्यूयॉर्कमध्ये त्याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या आणि अनिसिमोव्हानं इगाला सरळ दोन सेटमध्ये हरवलं. आता इगाबद्दल काय लिहून येणार, हे मला सकाळचा पेपर उघडायच्या आधीच ठाऊक होतं.