धाराशिवच्या मातृशक्तीचे ऋण कधी फिटणार?

धाराशिव जिल्हा म्हटला की तुळजापूरची भवानी, पाचवीला पुजलेला दुष्काळ आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विकासात मागे राहिलेल्या, म्हणजेच ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली, तीतही त्याचे नाव आले. परंतु याच जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण महिलांच्या सहभागातून जगाच्या वैद्यकशास्त्राला एका जटिल प्रश्नाचे उत्तर मिळाले, ही गोष्ट महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या उत्तराचा लाभ सातासमुद्रापलीकडच्या स्त्रियांना मिळू लागला. धाराशिवच्या लेकीसुनांना तो किती मिळाला, हा खरा विचाराचा विषय आहे.

प्रश्न होता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाखालोखाल याच रोगाचा क्रमांक लागतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सव्वा लाखाहून अधिक महिलांना तो झाला आणि सुमारे ऐंशी हजार महिला त्याला बळी पडल्या. हा रोग एका रात्रीत होत नाही. ‘ह्युमन पॅपिलोमा’ नावाच्या विषाणूचा, म्हणजेच ‘एचपीव्ही’चा, दीर्घकाळ टिकून राहिलेला संसर्ग त्याच्या मुळाशी असतो. संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासाला बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. हे कार्यकारण सिद्ध करणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शत्रू इतका संथ चालीचा असेल, तर त्याला वाटेतच गाठता येते. गाठायचे कसे, एवढाच प्रश्न उरतो.

या कामाची पायाभरणी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झाली. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुक्याबरोबरच धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत आले. रुग्ण दारात येण्याची वाट न पाहता नोंदणीचे कार्यकर्ते गावोगावी फिरले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली. केवळ या जागृतीमुळेही स्त्रिया रोगाच्या आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या. गावपातळीवरील चिकाटीच्या कामाला पर्याय नसतो, हे तेव्हाच दिसून आले.

त्यानंतर १९९९ मध्ये टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात एक महत्त्वाकांक्षी अभ्यास हाती घेतला. त्यासाठी आर्थिक साहाय्य बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनकडून आले. गावांचे ५२ समूह करण्यात आले आणि तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी महिलांची चार गटांत विभागणी झाली. एका गटासाठी एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यासाठी पेशींची तपासणी करणारी पॅप चाचणी, तिसऱ्यासाठी सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची ‘व्हीआयए’ पद्धत ठरली. चौथ्या गटाची तपासणी करण्यात आली नाही. त्यातील महिलांना केवळ माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली. तपासणीचे निमंत्रण मिळालेल्या महिलांपैकी सुमारे ऐंशी टक्के महिला पुढे आल्या. ज्या विषयावर घरातही बोलले जात नाही, त्या विषयात ग्रामीण स्त्रियांनी दाखवलेले हे धैर्य असामान्य होते.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अग्रगण्य नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणीच्या गटात १२७ महिलांना कर्करोग आढळला, तर तपासणी न झालेल्या गटात ११८. वरवर पाहता फरक काहीच नाही. परंतु रोग पुढच्या अवस्थेत पोहोचलेल्या महिला पहिल्या गटात ३९ होत्या आणि चौथ्या गटात ८२. मृत्यूंची संख्या अनुक्रमे ३४ आणि ६४. दोन्ही गट आकाराने जवळपास सारखेच होते. म्हणजे आयुष्यात केवळ एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आणला. पॅप आणि व्हीआयए यांच्या एकाच फेरीतून तसा ठोस परिणाम दिसला नाही. व्हीआयए निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी ती तपासणी केल्यावर मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे टाटा स्मारक केंद्राच्याच अभ्यासात दिसले. पण जिथे एकदाच पोहोचणे कठीण, तिथे वारंवार कोण पोहोचणार?

या यशाला एक वेदनेची किनारही आहे. तपासणीमुळे प्राण वाचतात हे पाश्चात्त्य देशांत सिद्ध झालेले असताना भारतातील हजारो महिलांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे नीतीला धरून होते का, असा प्रश्न अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मधून उपस्थित केला. ग्रामीण भारतात तेव्हा तपासणीची कोणतीही व्यवस्था नव्हती, त्यामुळे कोणाचेही काही हिरावले गेले नाही, असा संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र त्या ६४ भगिनींच्या मृत्यूने जे ज्ञान जगाला दिले, ते त्यांच्याच गावात वापरले गेले नाही, तर कोणताही युक्तिवाद टिकणार नाही.

जगाने ते ज्ञान उचलले. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१७ पासून पॅपच्या जागी विषाणूचाचणी आणली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच चाचणी प्रथम पसंतीची ठरवली. भारताने मात्र २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्हीआयए स्वीकारली आणि तीही कागदावरच अधिक राहिली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार अशी तपासणी कधी तरी झालेल्या महिलांचे प्रमाण देशात दोन टक्क्यांहूनही कमी होते.

निदानाची व्यवस्था नसली की तिची जागा भीती घेते. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचे आढळले. कर्करोग होईल अशी भीती घातली गेल्याचे अनेकींनी सांगितले. विश्वासार्ह चाचणी हाताशी असती, तर यांपैकी किती जणींना शस्त्रक्रियेची गरज नाही हे आधीच कळले असते! योग्य निदान जसा जीव वाचवते, तसेच अनावश्यक शस्त्रापासूनही वाचवते.

विषाणूचाचणी महाग आणि परदेशी आहे, ही सबब आता लंगडी पडली आहे. गोव्यातील कंपनीची ‘ट्रूनॅट’ ही बॅटरीवर चालणारी छोटी यंत्रे क्षयरोगाच्या निदानासाठी देशभरातील शासकीय आरोग्य संस्थांत पोहोचली आहेत. त्याच तंत्रावरील एचपीव्ही चाचणी आणि पुण्यातील कंपनीचा चाचणीसंच यांची पडताळणी झाल्याचे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२५ मध्ये जाहीर केले. शिवाय या चाचणीसाठी स्त्री स्वतःच नमुना घेऊ शकते, त्यामुळे संकोचाचा मोठा अडसर दूर होतो. स्वदेशी तंत्रज्ञानाची याहून सार्थक कसोटी दुसरी कोणती असेल?

यंत्र आले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. जिची चाचणी सदोष येते तिला पुढील तपासणीपर्यंत आणि उपचारापर्यंत नेले नाही, तर चाचणी व्यर्थ जाते. ऊसतोडीला गेलेली स्त्री दिवाळीनंतर गावात सापडत नाही, हे लक्षात घेऊन तपासणीचे वेळापत्रक आखावे लागेल. हे केवळ शासनाचे काम नव्हे. नवरात्रातील मेळावे, संक्रांतीचे हळदीकुंकू, बचत गटांच्या बैठका, महिला मंडळे ही समाजाची जिवंत व्यासपीठे आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीपर्यंत या विषयाची माहिती पोहोचवणे आणि गरज पडल्यास तिच्यासोबत रुग्णालयाची पायरी चढणे, हे कोणत्याही सेवाव्रती कार्यकर्त्याच्या आवाक्यातले आहे. घरातील पुरुषांनीही हा विषय ‘बायकांचा’ म्हणून बाजूला सारू नये.

ज्या भूमीने जगाला हे निदान दिले, त्या धाराशिव जिल्ह्यापासूनच सार्वत्रिक विषाणूचाचणीचा आरंभ व्हावा. ती कोणावर केलेली मेहेरबानी ठरणार नाही. एक लाख एकतीस हजार मातांचे ते ऋण आहे, आणि ते व्याजासह फेडण्याची वेळ केव्हाच उलटून गेली आहे.